वाघाचा वकील, कुणब्याचा वकील

जोयडा तालुक्याचे जुने नाव सुपा. आज नकाशात सुपा शोधायला गेलात तर गाव सापडत नाही, धरण सापडते. काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावरचे हे तालुक्याचे ठाणे धरणाच्या पाण्याखाली गेले, कचेरी जोयड्याला हलली आणि तिच्यामागोमाग तालुक्याचे नावही हलले. आम्हा गोवेकरांना हा मुलूख परका नाही. सांगे, धारबांदोडा, काणकोण या तालुक्यांच्या पूर्वेचा डोंगर ओलांडला की जोयडा. अनमोडचा घाट चढलेला किंवा कॅसलरॉकला गाडी थांबल्यावर फलाटावर पाय मोकळे केलेला प्रत्येक गोवेकर या तालुक्यात जाऊन आलेला असतो, फक्त त्याला ते ठाऊक नसते. सीमाप्रश्नाच्या सभांतून बेळगाव, कारवारच्या पाठोपाठ सुपा, हल्याळ ही नावे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण आजचा विषय तो नव्हे. आजचा विषय आहे या जंगलात आलेला कायदा आणि त्याच्यामागून आलेले कायद्याचे विद्यार्थी.

वकिलीच्या शिक्षणात उमेदवारी ही जुनीच गोष्ट. पूर्वी पोरगा एखाद्या नामांकित वकिलाच्या ऑफिसात जाऊन बसायचा, बॅगा उचलायचा, फाईली शिवायचा आणि त्यातूनच शिकायचा. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००८ च्या नियमांत याला रीतसर रूप दिले. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान २० आठवडे इंटर्नशिप सक्तीची झाली. तेव्हापासून मे महिना आला की कायद्याची मुले दिल्ली, मुंबई, बंगळुरूच्या वाटेला लागतात. काही कंपन्यांच्या वकिलांकडे जातात, काही न्यायाधीशांकडे. थोडी मुले (आणि मुली जास्त) जंगल, नदी, जनावरे यांच्यासाठी भांडणाऱ्या संस्थांकडे वळतात. पगार बहुधा नसतो, प्रमाणपत्र मिळते.

अमेरिकेत या कामाची परंपरा थोडी जुनी आहे. जनावरांच्या बाजूने कोर्टात उभे राहायचे म्हणून तिथे काही वकिलांनी १९७९ साली ॲनिमल लीगल डिफेन्स फंड ही संस्था काढली. ऑरेगन राज्यातले लुईस अँड क्लार्क विधी महाविद्यालय प्राणी-कायद्याच्या अभ्यासासाठी नावाजले गेले, आणि २००० साली हार्वर्डसारख्या ठिकाणीही हा विषय शिकवायला घेतला गेला. त्याच ऑरेगनमध्ये १९८९ साली इलॉ या नावाने ओळखले जाणारे पर्यावरण-वकिलांचे आंतरराष्ट्रीय जाळे उभे राहिले. एका देशातला वकील अडला तर दुसऱ्या देशातल्या वकिलाने किंवा शास्त्रज्ञाने त्याला कागद पुरवायचा, अशी त्याची कल्पना. आपल्याकडे बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलने १९९७ साली पर्यावरण कायद्याचे केंद्र काढले, आणि पुढे हैदराबादच्या नालसारमध्ये प्राणी-कायद्याचेही केंद्र झाले. या सगळ्यांमुळे उन्हाळ्याच्या सुटीत एका देशातला विद्यार्थी दुसऱ्या देशातल्या संस्थेत उमेदवारी करू लागला.

यात एक गंमत आहे. त्यांचा उन्हाळा जून ते ऑगस्ट, म्हणजे आपला भर पावसाळा. 'उन्हाळी' उमेदवारीला आलेला परदेशी विद्यार्थी मृग नक्षत्रात दाबोळीला उतरतो. कोर्टे नुकतीच सुटीवरून उघडलेली, अभयारण्ये पर्यटकांना बंद, घाटात धुके, आणि जोयड्याकडच्या वाड्यांवर जायच्या ओहोळांना पूर. जंगल वाचवायला आलेल्याला जंगल दिसते ते फाईलीतच! शिवाय परदेशी वकिलाला भारतातल्या कोर्टात वकिली करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या बालाजी खटल्यात सांगितले की अशिलाला परदेशी कायद्याबद्दल सल्ला देण्यापुरते अधूनमधून येऊन जावे, एवढेच. विद्यार्थ्याचा तर प्रश्नच नाही. त्याने वाचावे, टिपणे काढावीत, मसुदे करावेत. मी आयुष्यभर टिपणेच लिहीत आलो, त्यामुळे हे काम मी हलके समजत नाही.

माझी एक भाची पणजीला कायदा शिकते. ती अशाच एका संस्थेत उमेदवारी करत असताना तिच्याबरोबर परदेशातली एक मुलगी होती. पावसाने दोन दिवस उघडीप दिली तेव्हा दोघींना घेऊन मी अनमोडमार्गे जोयड्याकडच्या एका कुणबी वाड्यावर गेलो. माझ्या ओळखीचे घर होते. पाहुण्या मुलीने आमच्या जल्लिकट्टूवरचा २०१४ चा निकाल वाचला होता. जनावरांनाही प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क आहे असे म्हणणाऱ्या कोर्टाच्या देशात आपण आलो आहोत, याचे तिला अप्रूप होते. (२०२३ साली पाच न्यायाधीशांच्या पीठाने तमिळनाडू, महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या दुरुस्त्या उचलून धरल्या आणि जनावरांना मूलभूत हक्क असल्याचा दाखला आपल्या घटनेत नाही असे म्हटले, हे भाचीने तिला गाडीतच सांगितले होते.) घरातल्या म्हातारीने फोडी करून उकडलेली मुडली आमच्यापुढे ठेवली, सगळे ऐकून घेतले आणि त्या मुलीला सरळ विचारले, "तूं कोणाची वकील गो? वागाची काय आमची?" भाचीने भाषांतर केले. मुलगी हसली, मग गप्प झाली. मीही गप्पच होतो. हा प्रश्न त्या म्हातारीच्या पणज्यालाही पडला असणार, कारण या डोंगरात दीडशे वर्षे कायदा येतो आहे आणि दर वेळी तो कोणाच्या तरी वतीने येतो.

मागे जाऊ. १८०१ साली फ्रान्सिस बुकॅनन हा कंपनी सरकारचा डॉक्टर कानडा जिल्ह्यातून फिरला, त्याने डोंगरउतारावरच्या कुमरी शेतीची नोंद केली. आपल्याकडे गोव्यात तिला कुमेरी म्हणतात. झाडे तोडायची, वाळली की जाळायची, राखेत नाचणी पेरायची, एकदोन वर्षांनी जागा सोडून पुढे जायचे, आणि बऱ्याच वर्षांनी जंगल परत वाढले की पुन्हा तिथे यायचे. जहाजांना आणि पुढे रेल्वेला साग हवा असलेल्या सरकारला हे पाहवणे शक्य नव्हते. मद्रास इलाख्याने कुमरीवर बंधने घातली. १८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मद्रासकडून मुंबई इलाख्याकडे आला, आणि १९५६ पर्यंत तिथेच राहिला. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे सुप्याचा मामलेदार मुंबई सरकारचा माणूस होता. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

१८७८ च्या वन कायद्याने आणि त्याच्या जागी आलेल्या १९२७ च्या कायद्याने जंगल राखीव करायची जी पद्धत घालून दिली, ती कारकुनाच्या नजरेने पाहण्यासारखी आहे. सरकारने एक अधिसूचना काढायची. मग वन जमाबंदी अधिकाऱ्याने आसपासच्या गावांत तिथल्या भाषेत जाहीरनामा लावायचा, आणि ज्याचा काही हक्क असेल त्याने किमान तीन महिन्यांच्या मुदतीत तो लेखी किंवा समक्ष येऊन मांडायचा. जो मांडणार नाही त्याचा हक्क संपला! कलम ९ मध्ये हे स्वच्छ लिहिले आहे. वर १९२७ च्या कायद्यात कलम १० मध्ये असेही आहे की फिरती शेती हा हक्क नव्हेच, ती सरकारने दिलेली सवलत, कधीही बंद करता येण्यासारखी. कागद वाचता न येणाऱ्या, वर्षातले चार महिने पावसाने तुटलेल्या वाड्यावरच्या माणसाला तीन महिन्यांची मुदत. कायद्यात दुष्टपणाचा एक शब्द नाही. सगळे सुनावणीचे, मुदतीचे, अपिलाचे सभ्य शब्द आहेत. पण बोलला नाही तो गेला.

या सगळ्या काळात जंगल मात्र कोणाचे तरी होतच होते. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानंतर मुरगाव बंदरापासून घाटावर लोहमार्ग आला, १८८० च्या दशकाअखेरीस गाड्या कॅसलरॉकला पोचल्या आणि तिथे सरहद्दीचे नाके बसले. पुढे १९५० च्या दशकात दांडेलीला कागद गिरणी आली आणि तिच्यासाठी या डोंगरातला बांबू उतरू लागला. त्याच दशकात, १९५६ साली, दांडेली अभयारण्यही जाहीर झाले. एकाच जंगलात एका बाजूने कागदासाठी बांबू तोडायचा आणि दुसऱ्या बाजूने जनावरांसाठी राखायचे, हे तेव्हा कोणाला विसंगत वाटले नसावे.

मग सुपा. काळी जलविद्युत प्रकल्पाचे हे धरण १०१ मीटर उंच, १९८७ साली पुरे झाले. नागझरीच्या वीजघराला त्याचे पाणी. विस्थापितांना रामनगरला वसवले. आज अशा धरणासाठी जनसुनावणी होते, पर्यावरण आघात अहवाल लागतो, लवाद आहे, तज्ज्ञ समित्या आहेत. सुप्याच्या वेळी यातले काय होते? वन संवर्धन कायदा १९८० चा, तोवर धरणाचे काम चालू झालेले. पर्यावरण आघाताची अधिसूचना १९९४ ची. जनसुनावणी १९९७ पासून. हरित लवाद २०१० चा. सुप्याच्या माणसापुढे होता तो १८९४ चा भूसंपादन कायदा. त्यात 'सार्वजनिक हित' हे दोन शब्द सरकारने उच्चारले की बाकी उरत होती ती भरपाईच्या आकड्याची घासाघीस. पाण्याखाली गेलेल्या गावांच्या वतीने जंगलाचा, नदीचा, देवळाचा, कुळागराचा मुद्दा मांडायला कायद्यात खिडकीच नव्हती. दहापंधरा वर्षे उशिरा जन्मले असते तर सुप्याच्या लोकांना निदान एक याचिका तरी लाभली असती, असे मला वाटते. धरण थांबले असते असे मी म्हणत नाही.

खिडकी उघडली ती हळूहळू. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यात एक मजेदार कलम आहे, ३९ वे. त्यानुसार मेलेले किंवा मारलेले वन्य जनावर सरकारची मालमत्ता ठरते. जिवंत मोकळा वाघ कोणाचाच नाही, मेला की सरकारचा! १९९१ च्या दुरुस्तीने कोणाही नागरिकाला साठ दिवसांची नोटीस देऊन या कायद्याखाली थेट कोर्टात तक्रार करायची मुभा मिळाली. १९९६ च्या डिसेंबरात गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'जंगल' या शब्दाचा अर्थच रुंद केला. २००२ साली केंद्रीय सक्षमता समिती नेमली गेली. म्हापशाच्या गोवा फाउंडेशनसारख्या, १९८६ पासून काम करणाऱ्या संस्थांना आता जंगलाच्या वतीने बोलायला जागा मिळाली.

आणि तिचा उपयोग कसा होतो हे जोयड्याच्या वेशीवरच दिसले. कॅसलरॉक ते कुळे हा घाटातला लोहमार्ग दुपदरी करायचा, राष्ट्रीय महामार्ग चौपदरी करायचा आणि ४०० केव्हीची वीजवाहिनी न्यायची, असे तीन प्रकल्प एकाच वेळी मोले आणि भगवान महावीर अभयारण्याच्या अंगावर आले. राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीच्या मंजुऱ्या २०१९ च्या डिसेंबरात आणि २०२० च्या एप्रिलमध्ये निघाल्या. एप्रिलची बैठक टाळेबंदीत, पडद्यावर झालेली. त्यावर गोव्यात जे उठले ते आपण सर्वांनी पाहिले. विद्यार्थी, वकील, चित्रकार, जीवशास्त्राचे अभ्यासक यांनी पत्रामागून पत्रे लिहिली, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रात्री चांदरच्या रुळांवर हजारो माणसे मेणबत्त्या घेऊन बसली. पण रुळांवरची रात्र आणि कोर्टातला दिवस यांच्यामध्ये कागदांचा डोंगर असतो. मालवाहतुकीचे आकडे, कोळशाचे अंदाज, घाटाचा चढ (३७ फुटांत एक फूट), झाडांची मोजणी, जनावरांच्या वाटा. २०२१ च्या एप्रिलमध्ये सक्षमता समितीने आपला अहवाल दिला की या घाटात दुपदरीकरणाला समर्थन नाही, आणि ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. हवे तर नीट अभ्यास करून नव्याने या, असे सांगून. ज्या घाटात सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका कंपनीने जंगल कापून रूळ टाकले, तिथेच दुसऱ्या रुळाला कोर्टाने थांबवले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून मोठी बातमी कोणती?

हा वाघाच्या वकिलाचा विजय. तो मला मनापासून आवडला. पण म्हातारीच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग उरतोच.

अणशी राष्ट्रीय उद्यान १९८७ चे, म्हणजे ज्या वर्षी सुप्याचे धरण पुरे झाले त्याच वर्षीचे. २००७ साली दांडेली आणि अणशी मिळून व्याघ्र प्रकल्प झाला, २०१५ मध्ये त्याला काळी हे नाव मिळाले. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातून लोकांनी 'स्वेच्छेने' बाहेर पडावे यासाठी केंद्राची योजना आहे. कुटुंबामागे पूर्वी १० लाख, २०२१ पासून १५ लाख. कायदा चांगला आहे. कलम ३८-व्ही सांगते की आधी वनहक्क मान्य करा, ग्रामसभेची माहितीपूर्ण संमती घ्या, मग पुढचे बोला. पण रस्ता नाही, शाळा लांब, गवे पीक खातात, अशा वाड्यावरच्या माणसाची स्वेच्छा नेमकी कुठून सुरू होते? १५ लाख घेऊन गेलेल्याला मी दोष देणार नाही. राहिलेल्यालाही देणार नाही.

आमच्या बाजूलाही तोच पेच आहे. २०२० च्या जानेवारीत सत्तरीत गोळावलीला चार वाघ मेलेले सापडले, विषाने. त्यानंतर गोवा फाउंडेशनची याचिका झाली आणि २४ जुलै २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई आणि लगतची अभयारण्ये व्याघ्र क्षेत्र म्हणून तीन महिन्यांत अधिसूचित करायला सांगितले. पलीकडच्या काळी प्रकल्पाशी हे जंगल सलग आहे, वाघाला सरहद्द कळत नाही, हा त्यातला मोठा मुद्दा. गोवा सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकारी नोकर असल्याने मी यावर मत देत नाही, वाचकांनी समजून घ्यावे.

वाघाला सरहद्द कळत नाही हे खरेच. कुणब्याला मात्र ती कळावी लागते. २००३ च्या जानेवारीत संसदेच्या एका दुरुस्ती कायद्याने गोव्यातल्या कुणबी, गावडा आणि वेळीप समाजांना अनुसूचित जमातीत घेतले. त्याच कायद्याने उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींनाही घेतले. जोयड्याचा कुणबी राहिला. डोंगराच्या अलीकडची बहीण जमातीत आणि पलीकडे दिलेली तिची धाकटी बहीण बाहेर. (आमचा धनगर-गवळी दोन्हीकडे बाहेरच, तो आणखी वेगळा विषय.) असो, हे केवळ नोकरीतल्या राखीव जागांपुरते नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात अनुसूचित जमातीच्या माणसाने १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आपण वनजमिनीवर आहोत एवढे दाखवायचे. जो जमातीत नाही त्या 'इतर पारंपरिक वननिवासी'ने त्या तारखेआधी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे वास्तव्य दाखवायचे. हिशेब करा. गोव्याच्या कुणब्याला २००५ सालचा पुरावा पुरतो, जोयड्याच्या कुणब्याला १९३० सालचा लागतो.

१९३० साली सुपा कोणाच्या ताब्यात? मुंबई सरकारच्या. म्हणून मघाशी लक्षात ठेवा म्हटले. जोयड्याच्या डोंगरातल्या माणसाने आपला आजा इथेच होता हे सिद्ध करायला मुंबई इलाख्याचे वन जमाबंदीचे अहवाल, कार्य आयोजना, जुने नकाशे, जनगणनेची पुस्तके धुंडाळायची. ज्या कुमरीला कायद्याने हक्क मानले नाही, तिच्यावरच्या दंडाच्या नोंदी आज त्याच्या नातवाच्या कामाच्या! कायद्याच्या २००८ च्या नियमांत आणखीही पुरावे चालतात. जुनी विहीर, मसणवट, देवाची राई, घराचा चौथरा, वंशावळ, आणि दावेदार नसलेल्या वृद्धांचे लेखी निवेदन. एकच पुरावा पुरत नाही, एकाहून अधिक लागतात. आणि ज्याचे मूळ घर, विहीर आणि देव सुप्याच्या जलाशयात आहेत, तो काय दाखवणार? अशा वेळी कागदच उरतो.

आमच्याकडच्या वनहक्काच्या फाईली मी जवळून पाहिल्या आहेत. दावा ग्रामसभेत मांडला जातो, तिथून उपविभागीय समितीकडे, मग जिल्हा समितीकडे. वर्षानुवर्षे चालते. फाईल परत येते ती बहुधा कायद्याच्या मोठ्या मुद्द्यावर नव्हे. नकाशा जोडलेला नाही, नावात फरक आहे, ठरावावर सही नाही, दुसरा पुरावा नाही. हे काम कोर्टात झगा घालून होत नाही. कोणीतरी वाड्यावर बसून म्हाताऱ्यांचे बोलणे उतरवून घ्यावे लागते, कोणीतरी दप्तरखान्यात धूळ खात बसावे लागते.

परतताना भाचीने ते काम काय असते ते पाहुणीला समजावून दिले. उरलेल्या तीन आठवड्यांत दोघींनी संस्थेचे नेमून दिलेले काम सांभाळून एक वही केली. त्या वाड्यावरच्या अकरा घरांची वंशावळ, म्हातारीने सांगितलेली विहिरींची आणि राईची ठिकाणे, आणि इंग्रजी अहवालांत गावाचे नाव वेगवेगळ्या स्पेलिंगांत कुठे कुठे येते त्याची यादी. इंग्रजी अहवाल पाहुणीने वाचले, कोंकणी-मराठी भाचीने लिहून घेतले. कानडी वाचणारे तिसरे कोणी हवे होते, ते मिळाले नाही. श्रावण लागायच्या सुमारास पाहुणी आपल्या देशी गेली. वहीची एक प्रत वाड्यावर दिली, एक माझ्या कपाटात आहे. जोयड्याच्या वनहक्क समितीत काम करणाऱ्या आणि कानडी दप्तर वाचू शकणाऱ्या कोणाला ती हवी असेल तर जरूर कळवावे, मी स्वतः आणून देईन.